भूत येण्याआधीची दोन मिनिटं

१९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा एक हिंदी सिनेमा आला आणि पडला. निर्माते एफ. यू. रामसे. मूळ आडनाव रामसिंघानी. फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर मुंबईला आले. सिनेमा पडला, पण त्यांच्या मुलांनी थेटरात बसून एक गोष्ट हेरली. भयानक मुखवटा चढवलेले पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतात, तो प्रसंग लागला की पब्लिक सावरून बसायचं. बाकी गोष्टीशी लोकांना फार देणंघेणं नव्हतं. त्यांना ती भीती हवी होती.

मुलं होती सात. कुमार, तुलसी, श्याम, केशू, अर्जुन, गंगू आणि किरण. यातला कुणी सिनेमाच्या शाळेत गेलेला नव्हता. वडिलांनी त्यांना काश्मीरला नेलं आणि हाउसबोटीवर काही महिने ठेवलं. सोबत एक पुस्तक दिलं. जोसेफ मॅसेली या अमेरिकन कॅमेरामनचं 'द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी', १९६५ साली निघालेलं. कॅमेऱ्याचा कोन, सलगता, कापणी, क्लोजअप आणि चौकटीची मांडणी अशा पाच गोष्टी त्यात समजावल्या आहेत. भावांनी ते वाचलं, करून पाहिलं आणि कामं वाटून घेतली. गंगूकडे कॅमेरा, किरणकडे आवाज, अर्जुनकडे एडिटिंग, कुमारकडे लेखन, तुलसी आणि श्यामकडे दिग्दर्शन. १९७२ साली त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' आला. शूटिंग महाबळेश्वरला, युनिट बरंचसं घरचंच. पुढची वीस वर्षं हिंदीतली भुतं या एका घरातून निघत राहिली.

रामसे मंडळींच्या सिनेमांना हसणं सोपं आहे. मला त्यांची ती हाउसबोट महत्त्वाची वाटते. पुस्तक समोर, कॅमेरा हातात, आणि डोक्यात एकच प्रश्न: माणसाला घाबरवायचं कसं? सिनेमा शिकायची यापेक्षा चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. विनोद फसला तर लोक कसनुसं हसून वेळ मारून नेतात. भीती फसली की लगेच कळतं, कारण लोक खो-खो हसतात.

पांढरी साडी

मी उमरग्यात राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गेल्या पावसाळ्यात इथल्या एका कॉलेजातली सहा मुलंमुली माझ्याकडे आली. त्यांना शॉर्ट फिल्म करायची होती, हॉररच. सगळी फिल्म नंतर, आधी सुरुवातीची दोन मिनिटं नीट जमवू, असं ठरलं. हाताशी तीन मोबाइल, एक ट्रायपॉड, एक लग्नातला एलईडी लाइट. दर रविवारी सकाळी आमची बैठक बसायची.

पहिल्या रविवारी प्रत्येकानं आपापली सुरुवात कागदावर लिहून आणली. सहापैकी पाच कागदांवर पांढऱ्या साडीतली बाई होती. चार कागदांवर पडका वाडा होता. तीन कागदांवर गाडी बंद पडत होती. एका कागदावर घुबड होतं.

"दादा, हॉरर म्हणजे हेच असतंय की," एक जण म्हणाला.

यात त्याची काही चूक नाही. ही चित्रं आपल्या डोक्यात कुणीतरी आणून ठेवलेली आहेत. त्यांना नाव आहे, गाव आहे, साल आहे. म्हणून आम्ही ठरवलं की नवीन काही लिहिण्याआधी ही चित्रं आली कुठून ते शोधायचं. पुढचे पाच रविवार त्यात गेले. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशोब आहे.

चौकटीत एकच डोळा

मराठी माणसानं पडद्यावरच्या भीतीशी ओळख करून घेतली ती फार लवकर. कोल्हापूरला बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी स्वतः कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला आणि १९१८ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा उतरला होता की बघणाऱ्यांची बोबडी वळली, आणि पुढे सेन्सॉरनं तो प्रसंग कापायला लावला. गोष्ट महाभारतातली. कीचक मरणार हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत. तरी लोक हादरले. म्हणजे भीती गोष्टीत जेवढी असते, त्याहून जास्त ती दाखवण्याच्या पद्धतीत असते.

बाबूराव मूळचे चित्रकार. शूटिंगआधी वेशभूषा, हालचाली, माणसं यांची रेखाटनं करून ठेवायची त्यांची सवय होती. आज आपण त्याला स्टोरीबोर्ड म्हणतो. आमच्या मुलांना चित्रं काढायला सांगितलं तेव्हा "आम्हाला चित्रकला येत नाही" अशी ओरड झाली. शेवटी वहीत चौकोन आखायचा, माणसाच्या जागी काठी आणि डोक्याच्या जागी गोळा काढायचा, कॅमेरा कुठं ते बाणानं दाखवायचं, एवढ्यावर तडजोड झाली. एवढंही पुरतं. चौकोन आखला की पहिला प्रश्न आपोआप उभा राहतो: काय आत ठेवायचं आणि काय बाहेर?

या प्रश्नाचं सगळ्यात भारी उत्तर १९३४ सालच्या 'अमृतमंथन'मध्ये आहे. प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली, त्यानंतर नव्या स्टुडिओत केलेला हा पहिला सिनेमा. दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्याआधी ते जर्मनीला जाऊन आले होते. जर्मनीत १९२० चा 'कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' आणि १९२२ चा 'नोस्फेराटू' या सिनेमांनी सावलीलाच पात्र करून टाकलं होतं. 'नोस्फेराटू'मध्ये जिना चढणारी सावली दिसते, रक्तपिपासू स्वतः दिसत नाही, तरी अंगावर काटा येतो.

'अमृतमंथन' सुरू होतो तो चंडिकेच्या मंदिरात. अंधार, हलता उजेड, गुप्त बैठक. राजानं बळी देणं बंद केलंय, म्हणून राजगुरू राजाच्याच खुनाचा कट रचतो. त्या राजगुरूचा एक डोळा शांतारामांनी टेलिफोटो लेन्स लावून पडदाभर दाखवला. हिंदीत तो डोळा चंद्रमोहनचा, मराठीत राजगुरू झाले होते केशवराव दाते. त्या काळात थेटरात बसलेल्या माणसानं माणसाचा डोळा एवढा मोठा कधी पाहिलेला नव्हता.

इथं भूत नाही. भूत लागतच नाही. धर्माच्या नावाखाली माणसं मारायला निघालेला एक ताकदवान माणूस आहे, आणि तो आपल्याकडे बघतोय. सिनेमात आपण बघणारे असतो. तो डोळा येतो आणि बघणारा कोण, हेच उलटं होतं.

आम्ही हे मोबाइलवर करून पाहिलं. मोबाइल डोळ्याजवळ नेला की नाक मोठं दिसतं, चेहरा वाकडा होतो आणि सगळे हसतात. लांब जाऊन झूमची लेन्स वापरली की चेहरा सपाट होतो, मागचं जग जवळ आल्यासारखं वाटतं, आणि डोळा खरंच बघायला लागतो. टेलिफोटो म्हणजे काय हे तासभर समजावण्यापेक्षा या दहा मिनिटांत जास्त कळलं.

दुसरा धडा अंधाराचा. मोबाइलला अंधार आवडत नाही. काळोख दिसला की तो आपणहून उजेड वाढवतो आणि काळ्या रंगाचा राखाडी चिखल करतो. त्यावर उपाय असा की पडद्यावर बोट दाबून धरायचं, एक्सपोजर लॉक करायचं आणि ते खाली ओढायचं. घरातल्या ट्यूबलाइटखाली शूट करताना शटर एक छेद पन्नासवर ठेवायचं, कारण आपली वीज पन्नास हर्ट्‌झची आहे, नाहीतर चित्र थरथरतं. भीतीचं निम्मं काम म्हणजे मोबाइलला त्याच्या मनासारखं न करू देणं.

कुत्र्याचं रडणं

१९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला. नारायण हरी आपट्यांच्या गोष्टीवरचा. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि शेतकरी शहरात मजुरीला जातो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. सिनेमा मूक. पुढे या गोष्टीचा बोलपटही झाला. जे. बी. एच. वाडिया यांनी त्या बोलपटाची आठवण लिहिली, तेव्हा त्यांना आठवलं ते अंधारातलं एक भकास झोपडं आणि कुत्र्याचं रडणं.

एक झोपडं आणि कुत्र्याचं रडणं! पण दृश्य असं लावलं होतं की बघणाऱ्यानं ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं. 'सावकारी पाश' हॉरर नाही. पण मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा, सावकाराच्या चोपडीहून भयंकर भूत कुठलं असतं? आपल्याकडची भीती बऱ्याचदा कागदावर अंगठा उमटवताना सुरू होते.

आवाज आला आणि भीतीला नवीन हत्यार मिळालं. १९४९ चा 'महल' आठवा. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा, एडिटिंग बिमल रॉय यांचं. सुरुवातीला नवा मालक रिकाम्या महालात येतो. म्हातारा माळी त्याला घराची जुनी गोष्ट सांगतो. मग भिंतीवर एक तसबीर दिसते, आणि तसबिरीतला चेहरा अगदी त्या नव्या मालकाचाच. मग लांबून गाणं ऐकू येतं. संगीतकार खेमचंद प्रकाश, गाणारी तेव्हा नवखी असलेली लता मंगेशकर. गाणं लांबून जवळ येतंय असं वाटायला हवं होतं, पण आजच्यासारखं यंत्र हाताशी नव्हतं. मग लताबाईंनी माइकपासून दूर उभं राहून सुरुवात केली आणि गात गात हळूहळू माइककडे चालत आल्या.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या एकीनं मोबाइल कट्ट्यावर ठेवला, परसातून हाक मारत ती घरात आली आणि आम्ही ते ऐकलं. आवाज मोठा होत जाणं ही एक गोष्ट आणि आवाज जवळ येणं ही दुसरी, हे तिथं कळलं. लांबच्या आवाजात भिंती ऐकू येतात. जवळच्या आवाजात श्वास. एडिटिंगमध्ये नुसता व्हॉल्यूम चढवला तर ती गंमत येत नाही.

तिसरं उदाहरण परदेशातलं. १९४२ चा 'कॅट पीपल'. निर्माता व्हॅल ल्यूटन, पैसा कमी. रात्री एक बाई एकटी चालली आहे. मागे कुणाची तरी पावलं वाजतात, मग वाजायची थांबतात. ती घाबरून पळायला लागते. आता झडप पडणार असं वाटत असताना फस्सकन आवाज येतो. काय असतं? बस येऊन थांबलेली असते. एवढंच. पण थेटरात लोक उडाले. तेव्हापासून अशा फसव्या दचक्याला सिनेमावाले 'ल्यूटन बस' म्हणतात.

उमरगा हायवेवरचं गाव. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं रात्रभर ट्रक आणि बस धावतात. एअर ब्रेकचा तो फस्स आवाज ऐकतच इथली पोरं झोपतात. "म्हणजे आपल्या दारातच आहे की," एक जण म्हणाला. सहा जणांच्या तोंडून 'आपल्या' हा शब्द पहिल्यांदा आला तो इथं.

प्रेक्षकाला नियम शिकवायचा

१९६४ चा राज खोसलांचा 'वह कौन थी?' आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता, पण त्याची सुरुवात सगळ्यांना पाठ होती. पावसाची रात्र, डॉक्टरची गाडी, रस्त्यात उभी पांढऱ्या साडीतली साधना. पाच कागदांवरची ती बाई इथून निघून सहा दशकं चालत उमरग्यापर्यंत आली होती.

म्हणून तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. आणि कळलं की भीती साडीत नाही, वायपरमध्ये आहे. वायपर बंद पडतो, डॉक्टरला समोरचं काही दिसत नाही, आणि शेजारी बसलेली बाई रस्ता सांगत राहते. तिला दिसतंय! एवढ्या एका गोष्टीनं सगळं कळतं. त्यानंतर तिनं कब्रस्तानापाशी उतरणं हा फक्त शिक्का आहे. पुढच्या नकलांनी साडी घेतली, गाडी घेतली, पाऊस घेतला. वायपर तेवढा राहून गेला.

म्हणजे सुरुवातीच्या दोन मिनिटांचं खरं काम भूत दाखवणं नाही. या जगात एक नियम वेगळा आहे, एवढं प्रेक्षकाला कळवणं. अंधारात तिला दिसतं, हा नियम. तसबिरीत माझाच चेहरा आहे, हा नियम.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये हे फार स्वच्छ दिसतं. त्यात घरात एक आजी आहे, साखळीनं बांधलेली. ती झोपलेली असताना तिला भरवायचं असतं. जागी झाली तर एका देवाचं नाव घ्यायचं, म्हणजे ती पुन्हा झोपते. लहान मुलाला हा नियम सांगितला जातो, म्हणजे आपल्यालाही सांगितला जातो. आणि नियम कळला की तो मोडायची वाट बघत आपण खुर्चीत आक्रसून बसतो. बर्वेंनी या सिनेमासाठी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता. शूटिंग २०१२ ला सुरू झालं, रखडलं, पुन्हा झालं, आणि सिनेमा २०१८ साली पडद्यावर आला. गोष्टीचं बी मात्र त्याहून जुनं. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली होती आणि ते घाबरले होते. धारपांच्या त्या कथेचं मूळही स्टीफन किंगच्या कथेत. म्हणजे अमेरिकेतली आजी धारपांच्या हातून मराठीत आली, मित्राच्या तोंडून जंगलात गेली आणि कोकणातल्या वाड्यात बांधली गेली. भुतं फार प्रवास करतात. पण ज्या मातीत थांबतात, तिथलं पाणी पिऊनच जगतात. 'तुंबाड'मध्ये तो वाडा, तो पाऊस आणि ती हाव नसती, तर उसनी आजी कधीच मेली असती.

१९९३

नागझिऱ्याचं ते साल फळ्यावर लिहिलं आणि आम्ही थांबलो. त्याच वर्षी महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला आणि रामदास पाध्यांचा बाहुला मराठी पोरांच्या स्वप्नात शिरला. त्याच वर्षी रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' टीव्हीवर सुरू झाला. मराठी भीतीच्या इतिहासात १९९३ मोठंच साल.

"आणि भूकंप," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. केंद्र किल्लारीजवळ, तीव्रता ६.२. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवावी लागली. लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. तेव्हा सास्तूर आणि आसपासची गावं उमरगा तालुक्यातच होती.

आमच्या सहा जणांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. पण सहाही घरांत त्या रात्रीची गोष्ट आहे.

आता हॉररचं पुस्तक बाजूला ठेवून फक्त घडलेल्या गोष्टींचा क्रम बघा. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी भागात लहान लहान धक्के बसले, एकदोन नव्हे, शंभराहून जास्त. जमिनीतून आवाज यायचे. लोक घाबरले. मग धक्के थांबले. जवळजवळ वर्ष शांत गेलं, लोक पुन्हा घरात झोपायला लागले. आणि मग ती पहाट.

आणि मारलं कुणी? घरानं. आपल्याकडची जुनी घरं दगड आणि मातीची. दोन-दोन हात जाड भिंती, वर माळवद. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची रीत. म्हणजे दरवर्षी छप्पर थोडं थोडं जड होत गेलेलं. उन्हाळ्यात हीच घरं गारवा द्यायची. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पाऊस अडवला तेच ओझं पहाटे खाली आलं. पत्र्याच्या खोपट्यात राहणारा वाचला आणि वाड्यात झोपणारा गाडला गेला, असं त्या भागातले लोक आजही सांगतात.

पडक्या वाड्याचं चित्र कागदावर काढणारी मुलं यावर बराच वेळ काही बोलली नाहीत. त्यांच्या आज्यांच्या वाड्यांना पडायला भूत लागलं नव्हतं.

मेलेल्यांचं भूत करायचं नाही

मग खरा वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, जुन्या गावठाणात जाऊन शूट करू. पडक्या भिंती आयत्या आहेत, सेट लावायला नको, ड्रोनही मिळेल. असं लोकेशन मुंबईवाल्यांकडं पण नाही.

मागच्या बाकावरच्या मुलीनं नाही म्हटलं. तिच्या आजीचं माहेर त्या भागातलं. त्या घरातली चार माणसं एका रात्रीत गेली. "तिथं पांढरी साडी नेसून कोण फिरणार? माझी पणजी? तिनं काय केलं होतं कुणाचं?"

मला हा प्रश्न आमच्या सगळ्या अभ्यासापेक्षा मोठा वाटला. आपल्याकडच्या भुताच्या गोष्टींत भूत बहुतेक वेळा कोण असतं? विहिरीत ढकललेली सून. बाळंतपणात गेलेली बाई. सावकारानं किंवा ठाकुरानं मारलेला गडी. जे जिवंतपणी सोसतात, त्यांनाच मेल्यावर राक्षस केलं जातं, आणि शेवटी ज्या घरानं त्यांना मारलं त्याच घराला वाचवायला मांत्रिक येतो. रामसेंच्या सिनेमांत हवेलीचं जुनं पाप हटकून असतं, पण कॅमेरा उभा असतो हवेलीच्या वारसांच्या बाजूनं. 'अमृतमंथन'नं १९३४ साली उलटं केलं होतं. तिथं भीती ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या डोळ्यात होती. बळी जाणाऱ्याला त्यानं भूत केलं नाही.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. "मग यावर कुणी बोलायचंच नाही का?" तो मुलगा म्हणाला. "तीस वर्षांत सिनेमात आमचं गाव कुठं दिसलंय का? वर्षातून एकदा तारीख आली की बातमी येती, बास."

हेही खरं. उमरगा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सिनेमा इथं कोल्हापूर-पुण्याकडून आला, हैदराबादकडून आला, जत्रेतल्या तंबूतून आला. पण तो इथं बघायलाच आला. इथलं घर, इथली बोली, इथली रात्र त्याला कधी दाखवावीशी वाटली नाही. आपली भीती आपण सांगितली नाही, तर पांढरी साडी आहेच.

शेवटी मुलीनंच वाट काढली. आजीला विचारू, म्हणाली.

आजी सत्तरीच्या पुढच्या. आम्ही मोबाइल बंद ठेवून गेलो. त्यांनी चहा दिला, मुलांची नावं, गावं, कुणाचा कोण ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "भूत-बित काय नसतंय लेकरांनो. मेलेलं माणूस कशाला येतंय? आवाजाचं भ्या वाटतंय मला. भांडी वाजली की अजून बी छातीत धस्स होतंय."

धक्का बसला तेव्हा आधी भांडी वाजली होती. उतरंडीतली, फळीवरची, सगळी एकदम. मग बाकीचं.

निघताना मुलीच्या लक्षात आलं आणि तिनं बाहेर आल्यावर सांगितलं: आजीच्या खोलीच्या दाराला कडी आहे, पण ती कधी लावलेली पाहिली नाही. थंडीत नाही, पावसात नाही. घरात कुणी यावर कधी बोलत नाही. लहानपणापासून तिला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

दोन मिनिटांचा आराखडा

आमच्या वहीत आता अकरा चौकोन आहेत. आजींनी ऐकून होकार दिला आहे. एकच अट घातली: पडलेलं घर दाखवायचं नाही. आम्हाला तसंही दाखवायचं नव्हतं.

रात्र. सिमेंटचं साधं घर, नवीन लग्न होऊन आलेली सून. ती झोपायला जाताना दाराची कडी लावते. कट. ती पाणी प्यायला उठते, कडी निघालेली. ती पुन्हा लावते. हायवेवर लांब ट्रकचा ब्रेक फस्सकन वाजतो, ती दचकते, स्वतःशीच हसते. ही आमची ल्यूटन बस. तिसऱ्यांदा ती अंथरुणात पडून दाराकडं बघत राहते. दाराच्या फटीतून एक सुरकुतलेला हात आत येतो, सवयीनं, आवाज न करता कडी काढतो आणि जातो. नियम कळला: या घरात कडी लावायची नाही. का, ते कळलेलं नाही.

मग स्वयंपाकघर. कुणी नाही. फळीवर स्टीलची ताटं, वाट्या, तांबे. कॅमेरा हलत नाही. मोजून दहा सेकंद. मग एक वाटी बारीक किणकिणते. मग दुसरी. मग सगळी फळी. शेवटच्या चौकोनात आजीचा डोळा, लांबून झूमच्या लेन्सनं घेतलेला, उघडा. इथं नाव येतं.

भांडी कशानं वाजतात? फळीवर ताटाखाली सुनेचा मोबाइल राहिलेला असतो, व्हायब्रेटवर. कुणाचा तरी फोन येत असतो. हे प्रेक्षकाला पुढच्या सीनमध्ये कळेल. सून हसेल. आजी हसणार नाहीत. शूट करताना आम्ही खरोखर तसाच मोबाइल ठेवून वाजवून पाहिला. खोलीतले सगळे जण, आवाज कशाचा आहे हे माहीत असूनही, गप्प झाले.

यात भूत नाही. रक्त नाही, वाडा नाही, साडी साधी घरातली आहे. मॅसेलीच्या पुस्तकातले पाचही धडे आहेत. बाबूरावांचे चौकोन, शांतारामांचा डोळा आणि लताबाईंची पावलं आहेत, आणि वाडियांना आठवत राहिलेल्या कुत्र्यासारखा एक आवाजही आहे. एवढं सगळं उसनं घेऊनही ती दोन मिनिटं उमरग्याचीच झाली, कारण कडी कुणाकडून उसनी घेतलेली नाही.

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल तर कॅमेरा तुमच्या हातातच आहे. पुस्तकही मिळेल, जुने सिनेमेही मिळतील. शोधायची राहते ती एक गोष्ट. तुमच्या घरात असा कुठला नियम आहे, जो सगळे पाळतात आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही? विहिरीकडच्या बाजूला कुणी न जाणं, एखादं नाव न घेणं, एका खोलीतला दिवा रात्रभर चालू ठेवणं. तो नियम कधी सुरू झाला, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. विचारताना कॅमेरा बंद ठेवा. मग परवानगी घ्या, आणि चौकोन आखायला बसा.